स्पिरिट पाजलेला साबण

खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीतून बोलतोय मी, पातळ साबण. नाक मुरडू नका. श्रीरामपूरच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत खोबरेल तेल आणि कॉस्टिक पोटॅश शिजवून शामकांत मास्तरांनी मला जन्माला घातलं. मास्तर रसायनशास्त्र शिकवतात. माझ्यावर त्यांचा फार जीव. तो जरा कमी असता तर मी सुखात असतो.

माझ्या प्रत्येक कणाला एक डोकं आणि एक शेपूट. डोक्याला पाणी प्रिय, शेपटीला पाण्याचा तिटकारा. म्हणून पाण्यात पडलो की आम्ही घोळका करतो, डोकी बाहेर, शेपट्या आत. तेलकट डाग त्या शेपट्यांच्या कोंडाळ्यात शिरतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. मास्तर या घोळक्याला 'मायसेल' म्हणतात, फळ्यावर त्याचं झकास चित्र काढतात. चित्रापुरतं त्यांना सगळं कळतं.

बहात्तरचा दुष्काळ होता. पाणी बैलगाडीवरच्या टाकीतून यायचं, घरटी एक घागर. मास्तरांकडे स्पिरिट मात्र कॅनभर, साखर कारखान्याच्या अर्कशाळेतल्या मित्रानं दिलेलं. मग काय, आमच्या विद्वानांना सुचलं, "पाण्याऐवजी स्पिरिट घालू. साबण डाग काढतो, स्पिरिटही काढतं. दोघं मिळून दुप्पट काढतील."

थोडंसं घातलं असतं तर माझी ना नव्हती. उलट घोळका लवकर जमतो. यांनी निम्मंनिम्मं केलं. त्या स्पिरिट मिसळलेल्या पाण्यात शेपट्यांना इतकं बरं वाटू लागलं की लपायची गरजच उरली नाही. जो तो आपला मोकळा, झिंगल्यासारखा एकटा हिंडतोय. दारू प्यायल्यावर माणसं गळ्यात गळे घालतात म्हणे, आमचं उलटं.

त्याच दिवशी मास्तरांची भाची सरोजिनी उद्याच्या मुलाखतीची साडी नेसून पाहत होती. नगरला शिक्षिकेची जागा निघालेली, आणि पोरीकडे बरी अशी साडी ही एकच, मोतिया रंगाची. तेवढ्यात पाण्याची गाडी आली. ती तशीच घागर घेऊन धावली. गाडीवान छगन ओरडला, "बाई, चाकाला खेटू नका, लई वंगन हाय." तोवर निऱ्यांवर काळा पट्टा उमटला होता.

"रडतेस काय, माझा साबण आहे ना," म्हणत मास्तरांनी मला डागावर ओतलं. फेस नाही, काही नाही. वंगण जरा पातळ झालं आणि ऐसपैस पसरलं. बोटभर डाग तळहाताएवढा झाला. सरोजिनीचा चेहरा बघवेना मला. मी नालायक ठरलो होतो, आणि दोष माझा नव्हता.

"स्पिरिट कमी पडलं वाटतं," मास्तर म्हणाले.

मास्तरांच्या बायकोनं, नीलांबरीबाईंनी, कॅन त्यांच्या हातातून काढून घेतला. साडी घमेल्यात टाकली आणि पिण्याच्या पाण्याची घागर उचलली.

"मामी, नको, आज प्यायला काय?" सरोजिनी म्हणाली.

"एक दिवस तहान काढू. नोकरी रोज येत नाही."

बाईंना रसायनशास्त्र येत नव्हतं, नुसता संताप आला होता. पण पाणी पडलं, स्पिरिटचा अंमल उतरला, माझे कण शुद्धीवर आले आणि भराभर घोळके झाले. फेस आला. बाईंनी डाग चोळला, उरलेल्या पाण्यात साडी खळबळली. वंगण गेलं.

"बघितलंस? स्पिरिटचा गुण," मास्तर म्हणाले, आणि घसा कोरडा पडला म्हणून पाणी मागितलं.

"घागर साडीत गेली," बाई म्हणाल्या, "स्पिरिट आहे की."

मी अजून तळाशी चार बोटं उरलोय, फडताळात, कॅनच्या शेजारी. कुणीतरी आम्हाला वेगळं ठेवा हो, एवढंच मागणं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सरोजिनी ती साडी नेसून निघाली होती. मामींचे ओठ सुकले होते. त्यांच्या पाया पडून ती क्षणभर तशीच वाकून राहिली. मास्तर नमस्कारासाठी पाय जुळवून शेजारी उभे होते. ती उठली आणि सरळ एसटी गाठायला गेली.