टाक्यांवरचा फेस

माझ्याच अंगणात मला पाय ठेवायला जागा नव्हती. मेंढरं घेऊन मी आठ दिवसांनी रानातून परत आले, तर अर्धं ईट गाव माझ्या दारात, आणि मधोमध बाजेवर माझा लेक बिराप्पा, उघड्या छातीनं. मुंबईच्या डॉक्टरांनी त्याच्या कातडीखाली हृदय चालवायचं यंत्र बसवलं, त्याला महिनाही झाला नव्हता. त्या टाक्यांवर भस्मेबुवा नावाच्या मांत्रिकानं राख चोळली, वरून लिंबू पिळलं. फसफसून फेस आला. बायांनी हात जोडले.

"बघा, करणी उकळली!" बुवा गरजला. "आत तार हाय न्हवं? रेडिओच्या तारेला गाणं लागतं, तसं हिला भूत लागलंय!"

मी लेकाला हात लावला. अंग तव्यासारखं. टाके लालबुंद, कडेनं पू.

"ताप कधीपास्नं?"

"टाके खाजत हुते म्हून बुवाला बोलावलं, आत्याबाई. चार दिस रोज राख लावत्यात, दुसऱ्याच दिशी ताप आला," सून अयोध्या पुटपुटली. "पू म्हंजी विष निघतंय म्हनले."

डॉक्टरांनी मला बजावलं होतं, टाके कोरडे, स्वच्छ ठेवा. जंतू शिरले तर तारेवरून थेट काळजात उतरतील. शाळा मी फार पाहिली नाही, पण कातरताना मेंढराला कात्री लागली तर त्या जखमेलासुद्धा आम्ही घाण लागू देत नाही.

बुवाची थैली हिसकून राख पाट्यावर ओतली. लिंबू पिळलं. पाटा फसफसला.

"काय रं, माझ्या पाट्याला कुनी करणी केली?"

लोक हसले. मी चिमूट जिभेवर ठेवली. "राखेत खायचा सोडा हाय! भज्यात घालतो त्यो."

"माय, देवाची चेष्टा..."

"गप! तुझ्या टाचेची भेग चिघळलीय. लाव तिला तुझी राख."

त्यानं पाय पोटाशी ओढला.

"का? माझ्या लेकाच्या काळजाला चालती, तुझ्या टाचेला न्हाय?"

बिराप्पाला तसाच जीपमध्ये घातला. मुंबईत यंत्र तारेसकट काढावं लागलं. मरणाच्या दारातून परत आला. जखम निवळल्यावर दुसऱ्या बाजूला नवं बसवलं.

मग मी बुवाला हुडकला. भर बाजारात उभा केला आणि त्याचा चमत्कार त्याच्याच हातानं, त्याच्याच तोंडानं फोडायला लावला. रडला, पाया पडला. मला दया आली नाही. पोलिसांच्या हवाली केला.

बायांनो, सोड्यावर लिंबू पडलं की फेस येणारच. टाके लाल झाले, पू आला, अंग तापलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. राखेनं भांडी घासा.