पायडलवरचा पाय

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, पायाने चालणारी. मित्रांनो, माझ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी कधीच उडाली, पण सुई अजून सरळ चालते. कारखान्यात लोखंड ओतून मला घडवलं आणि टीपताईने मला घरी आणलं. तिची टीप कधी वाकडी जात नसे, म्हणून सारी गल्ली तिला टीपताई म्हणते.

ती चप्पल काढून अनवाणी पायानेच मला चालवायची. पट्टा सैल झालाय की तेल हवंय, हे तिला तळव्यालाच कळायचं. शेजारणी तिच्या शिवणीचं कौतुक करत आणि मी उगाच फुगत असे.

मग तिच्या छातीत गाठ निघाली आणि केमो सुरू झाली. माझ्यावर चादर पडली, चादरीवर औषधांच्या पिशव्या. केस गेले तेव्हा ती हसली. "बरं झालं, टीप मारताना डोळ्यांवर यायचे," म्हणाली. पण पुढे तिच्या बोटांना आणि तळव्यांना मुंग्या येऊ लागल्या. ब्लाउजचे हूक लावताना बोटांतून निसटायचे.

एकदा दवाखान्यातून आल्यावर लेकीने तिला धारेवर धरलं. "आई, डॉक्टर दर वेळी मुंग्यांचं विचारतात. तू 'नाही हो' का म्हणतेस?"

"त्यांनी औषध कमी केलं आणि गाठ परत आली म्हणजे? मुंग्यांचं काय, येतील नि जातील."

लेकीने हातातली औषधांची पिशवी माझ्यावर ठेवली. तिलाही गाठीचीच भीती होती.

गाठ गेली. मुंग्याही कमी झाल्या, पण त्यांच्या जागी बधिरपणा आला. ताई पायडलवर पाय ठेवायची आणि खाली वाकून बघायची, आहे ना जागेवर. तिच्या धाकट्या भावाला ते बघवेना. त्याने प्रेमाने मला मोटार बसवली. "ताई, आता पाय मारायला नको. नुसता टेकव."

नुसता टेकव! अरे, किती टेकवायचा हे कळायला तळवा जागा नको का? तिने पाय ठेवला आणि मी सुसाट सुटले. मला थांबता येईना. माझी सुई तिच्या बोटात शिरली, वर आली, पुन्हा शिरली, आणि ती कापड पुढे सरकवतच राहिली. पांढऱ्या कापडावर लाल डाग पसरला तेव्हा लेक किंचाळली. ताई ओरडली नाही. तिला दुखलंच नव्हतं.

मग तिने डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, आधी कळलं असतं तर औषधात बदल करून बघता आला असता. आता संवेदना परत येईलही, कदाचित येणारही नाही. भावाने मान खाली घालून मोटार काढली.

मित्रांनो, मला तेल घालायला विसरलात तरी चालेल. पण घरात कोणी असं औषध घेत असेल आणि बोटांना मुंग्या येतात म्हणालं, तर ते दुखणं अंगावर काढू देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. तुमच्या पाया पडते.

ताई अजून रोज माझ्यापुढे बसते. डोळे मिटते, पाय पुढे करते आणि विचारते, "ठेवला का गं मी पाय?"

लेक "हो" म्हणते. तो पाय गार आहे, तळव्याला भेगा आहेत, थोडा थरथरतोय. मला सगळं कळतं.