पिंपावरून पाट्यावर

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. माझा कागदी पडदा आता एका कडेला विरला आहे. तरी माझ्या उमेदीच्या काळातली एक हकिगत तुम्हाला सांगावीशी वाटते, कारण तेव्हा दोष माझा नसताना मी अडगळीत गेलो होतो.

१९८४ साली बोईसरच्या पुंडलिक नावाच्या रेडिओ-कारागिराने मला घडवले. प्लायवुडच्या फळ्या कापून त्याने सांधे सरसाने चिकटवले, पोटात कापूस भरला आणि मागची फळी आठ स्क्रूंनी आवळली. त्या वर्षी पापलेट चांगले लागले होते. दांडी गावचे नाखवा, म्हणजे होडीचे मालक, देवू यांनी मला विकत घेतले आणि मांडीवर धरून एस.टी.ने घरी नेले.

घरी त्यांनी मला डिझेलच्या रिकाम्या पिंपावर बसवले. हळदीच्या मांडवात स्पीकर पिंपावरच ठेवतात, तशी तिथली रीतच होती. “हळदीला पोटात धडधडला नाय, तं ती हळद कसली?” असे ते म्हणत. मी वाजू लागलो की पिंप घुमे, फळीवरची भांडी थरथरत आणि शेजारी कौतुकाने दारात येऊन उभे राहत. ते कौतुक मी माझेच समजत होतो.

देवूंच्या पत्नी जमना यांच्या आई काशीबाई धवलारीण होत्या. लग्नाच्या विधींची गाणी, म्हणजे धवले, त्या म्हणत. त्यांचा गळा थकत चालला, तेव्हा एका दुपारी नात हंसाने टेपरेकॉर्डर सुरू करून त्यांच्यापुढे ठेवला आणि ती पाण्याला गेली; हळदीचा धवला त्यांनी एकट्यानेच टेपवर उतरवला. पुढच्या वर्षी काशीबाई गेल्या. त्यानंतर हंसाचे लग्न ठरले आणि जमनाबाईंनी मनाशी धरले की, लेकीची हळद आईच्याच धवल्याने लागेल, आणि तो आपणच म्हणू.

बोंबील वाळत घालून झाले की त्या रोज माझ्यासमोर बसत. टेपरेकॉर्डरचा आतला स्पीकर केव्हाच बंद पडला होता, म्हणून तो मला जोडलेला असे. काशीबाईंच्या आवाजाला आता माझाच आधार होता. पण त्यांचा स्वर खर्जातला, घोगरा. माझ्या पेटीची थरथर पिंपात उतरे, पिंप गुरगुरे आणि शब्द त्यात बुडून जात. शब्द कळावेत म्हणून जमनाबाई आवाज वाढवत, आणि गुरगुर आणखी वाढे. गाण्याच्या मध्यावर तर एक अख्खी ओळ नाहीशी झाल्यासारखी वाटे. तिथे त्या टेप पुन्हा पुन्हा मागे नेत.

हळद दहा दिवसांवर आली. खाऱ्या हवेने टेप गेली, स्पीकरही गेला, असे देवूंनी ठरवून टाकले. दातिवऱ्याच्या रंभाबाईंना धवला म्हणायला बोलवावे, असे ते म्हणाले. मला उचलून फाटक्या जाळ्यांच्या ढिगावर ठेवण्यात आले.

त्यांच्या पडवीलगतच्या खोलीत नागोराव भाड्याने राहत. ते परभणीकडचे, तारापूरच्या एका कारखान्यात फिटर होते. रविवारी जाळ्यांवर मला पाहून त्यांनी चौकशी केली, पुन्हा पिंपावर ठेवून वाजवायला लावले आणि एक हात माझ्यावर, दुसरा पिंपावर ठेवून बराच वेळ ऐकले.

“टेप चांगली हाय, बाई. खालचं पिंपच बोंबलायलंय.”

त्यांच्या कारखान्यात यंत्रांच्या पायांखाली रबराच्या जाड चकत्या असत. तशा झिजलेल्या चार चकत्या त्यांनी दुसऱ्या दिवशी साहेबांना विचारून आणल्या. माझे ढिले झालेले स्क्रू आवळले. मग खाली काहीतरी जड आणि भरीव हवे म्हणून स्वयंपाकघरातला दगडी पाटा मागितला.

“आणि मी मसाला कशावर वाटू? तुमचे डोक्यावर?” जमनाबाईंनी विचारले.

तरी पाटा आला. जमिनीवर पाटा, त्यावर चार चकत्या, त्यांवर मी. टेप सुरू झाली. आवाज लहान झाला म्हणून देवू कुरकुरले. पण काशीबाईंचा शब्द न् शब्द, दोन ओळींमधला त्यांचा श्वाससुद्धा घरात उतरला.

मग ती हरवलेली जागा आली. तिथे गाण्याची ओळ नव्हतीच. काशीबाई गाता गाता थांबल्या होत्या आणि खालच्या आवाजात बोलल्या होत्या.

“इथं मी थांबतंय, जमने. इथं नवरीचे आयशीनं आपले तोंडानं पोरीचा नाव घ्यायचा. ती जागा माझी नाय.”

जमनाबाईंनी टेप थांबवली. देवू उठून बाहेर गेले आणि ओट्यावर बसून राहिले. दातिवऱ्याला निरोप गेला नाही.

मित्रांनो, स्पीकर कुरकुरला की तो लगेच टाकून देऊ नका. तो कशावर उभा आहे ते पाहा, त्याच्याखाली रबराचे चार तुकडे सरकवा, त्याचे स्क्रू आवळा. नुसत्या धडधडीला आवाज समजण्याची चूक आमच्या घरानेही केली होती, आणि तिच्यापायी एका आईचे बोलणे लेकीपर्यंत पोहोचायचे राहत होते.

हळदीच्या दिवशी मी बंदच होतो. मांडवात जमनाबाई स्वतः गात होत्या. त्या जागेपाशी त्या क्षणभर थांबल्या, आणि मग त्यांनी हंसाचे नाव घेतले.