अर्धा इंच

मास्तरांना एक खोड होती, आणि मास्तर सोडून साऱ्या गल्लीला ती ठाऊक होती. दुसऱ्याने केलेलं काम पुन्हा स्वतः केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. बायकोने घातलेली चादरीची घडी ते मोडून पुन्हा घालत. शेजाऱ्याने लावलेलं कुलूप दोनदा ओढून बघत. न्हाव्याकडून आले की आरशासमोर उभं राहून कानामागचे केस स्वतः कापत, आणि मग आठवडाभर कानामागे उंदराने कुरतडल्यासारखं दिसे. "माझ्या हातचा चहा तेवढा उसवून बघायचा राहिलाय तुमचा," असं बायको म्हणे. मास्तर हसत. त्यांना ती तारीफ वाटे.

त्यांचं शिंपीकामाचं दुकान घराच्या खालीच होतं. कापायचं टेबल, भिंतभर आरसा, समोरासमोर दोन मशीन. एकावर मास्तर, दुसऱ्यावर गेली सहा वर्षं त्यांची लेक. संध्याकाळी लेक काम आटोपून वर जाई, आणि सकाळी ती खाली यायच्या तासभर आधी मास्तर खाली उतरत. अर्धं ब्लेड घेऊन तिने शिवलेलं काहीतरी उसवायला बसत. कधी बाही, कधी कॉलर. चूक असेच असं नाही, पण शोधायचीच म्हटल्यावर ती कुठे जाते? तिचा टाका फार मोठा, हे त्यांचं कायमचं गाऱ्हाणं. ब्लेड लावलं की शिवण सर्रकन सुटे. ती येईपर्यंत कपडा पुन्हा शिवून, इस्त्री होऊन खुंटीला लागलेला असे. तिला यातलं एका शब्दाने सांगत नसत. उगाच पोरीचं मन कशाला मोडा, आणि आपण किती जपणारे बाप आहोत, असं वर समाधान!

त्या महिन्यात लेकीला मोठ्या रस्त्यावरच्या तयार कपड्यांच्या दुकानातून बोलावणं आलं. दिवसभर उभं राहून गिऱ्हाइकांना कपडे दाखवायचे. सुई-दोऱ्याशी संबंध संपला. शनिवारपर्यंत कळवायचं होतं. मास्तरांना घोर लागला. तीस वर्षांचं दुकान पुढे कोण बघणार? आणि दुकानाचं राहू द्या, समोरच्या मशीनवर ती नसली तर माणसाने दिवसभर बोलायचं कुणाशी? पण 'जाऊ नकोस' एवढं म्हणायला त्यांची जीभ काही उचलली नाही.

शुक्रवारी सकाळी ते अस्तराचं कापड काढायला स्टुलावर चढले. फळीवर पार मागे, कागदात गुंडाळलेला एक शर्ट हाताला लागला. राखाडी कापडावर बारीक निळी रेघ, आणि शिवण लेकीच्या हातची. त्यांनी तो टेबलावर पसरला आणि त्यांचे डोळे चमकले. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता. टेप लावून बघितली. चांगला अर्धा इंच! खरं सांगायचं तर त्यांना आनंदच झाला. लपवून ठेवलाय म्हणजे चूक तिलाही कळली असणार, घाबरली बिचारी, असा त्यांनी परस्पर निकाल लावून टाकला.

या वेळी शिवण मात्र सहज सुटेना. टाके बारीक आणि घट्ट होते. ब्लेड दोनदा कापडाला लागलं. मास्तरांनी नेटाने खांदा उसवला, कात्रीने डावी बाजू अर्धा इंच छाटून उजवीबरोबर केली, पुन्हा शिवली, इस्त्री केली, आणि शर्ट होता तसा कागदात गुंडाळून फळीवर ठेवला. दिवसभर ते शीळ घालत होते.

शनिवारी दुकान उघडायच्या आधी लेक तो कागद घेऊन समोर आली. तिच्या मागोमाग बायकोही जिना उतरून आली आणि शेवटच्या पायरीवर थांबली.

"बाबा, हा तुमचा," लेक म्हणाली. "सगळ्या जगाची मापं घेता, तुमचं कधी कुणी घेतलंय का? जुना शर्ट कापडावर ठेवायचा आणि कापायचं. मग कॉलर वाकडी बसते म्हणून शिव्या कापडाला!"

"माझी कॉलर वाकडी बसते?"

"तुमचा उजवा खांदा उतरलाय बाबा. तीस वर्षं ती जड इस्त्री ओढून ओढून. चांगला अर्धा इंच. महिनाभर तुम्हाला नजरेनं मोजतेय मी. काढा तो, हा घाला."

धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात, पण दुकानाची फरशी सिमेंटची होती. मास्तरांनी अंगातला शर्ट काढून नव्याच्या बाह्यांत हात घातले. लेकीने बटणं लावली आणि त्यांना आरशाकडे वळवलं. डावा खांदा काचत होता, कॉलर मानेवरून एका बाजूला ओढली गेली होती, पुढची पट्टी तिरकी चालली होती. लेकीचा चेहरा पडला.

"असं कसं झालं? तीनदा तपासला होता मी."

आता मास्तर काय बोलले, ते सांगायचीही लाज वाटते. पण बोलले. "होतं असं," ते म्हणाले. "हात बसायचाय अजून तुझा."

लेकीने मान हलवली. रागावली नाही, रडली नाही. "बरं झालं कळलं ते," ती म्हणाली. "मी ठरवलंच होतं. हा नीट बसला तर इथंच राहायचं. नाही बसला तर समजायचं, हे काम आपलं नाही. सहा वर्षं रोज सकाळी तुम्ही माझं शिवलेलं उसवता, ते काय उगीच?"

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या महिन्यापासून. माझी शिवण मला ओळखू येत नाही होय? म्हणून तर टाका मोठा ठेवायचे. उसवायचंच आहे, तर निदान कापड फाटू नये." तिने फोन काढला. "हाच एक बारीक टाक्यानं शिवला होता."

ती नंबर शोधू लागली. मास्तर मेल्याहून मेल्यासारखे उभे होते. पायरीवरून बायको त्यांच्याकडे बघत होती. काल सकाळी खालच्या मशीनचा आवाज तिने ऐकला होता, आणि खांदा कुणी बिघडवला ते तिने ताडलं होतं. ती अवाक्षर बोलली नाही, आणि तिने बोलायलाच हवं होतं असं मास्तरांना फार वाटलं. दुसऱ्याच्या प्रत्येक कामात हात घालणाऱ्या माणसाला हे एक काम मात्र दुसऱ्याने करायला हवं होतं.

"ठेव तो फोन," शेवटी तेच म्हणाले. "खांदा मी कापलाय."

लेकीने वर बघितलं. मग तिने त्यांच्या अंगावरचा शर्ट उतरवला, उलटा केला आणि खांद्यावरून बोट फिरवलं. ब्लेड लागल्याच्या जागी बोट थांबलं.

"कापलात?"

"मला वाटलं चूक आहे."

"विचारायचं तरी."

"सहा वर्षांत एकदा तरी विचारायला हवं होतं," मास्तर म्हणाले. बनियनवर उभे असल्याने ते आणखीच लहान दिसत होते. "तुझा हात केव्हाच बसलाय गं. बरोबर शिवलेलंसुद्धा उसवलंय मी. तुझी चूक नसेल तर मग माझी इथं गरज काय, असं वाटायचं. आणि आत्तासुद्धा सगळं तुझ्यावर ढकलून मोकळा होत होतो." त्यांनी मोठ्या रस्त्याकडे हात केला. "तू जा. तिथं तुझं कुणी उसवणार नाही."

"जायचं की राहायचं ते मी ठरवीन. निदान तेवढं तरी उसवू नका."

बायकोला हसू फुटलं आणि तिने पदर तोंडाला लावला. दुसरं कुणी हसलं नाही.

लेकीने फोन टेबलावर ठेवला, शर्ट दिव्याखाली धरला आणि बराच वेळ बघत राहिली. "डावीकडे जोड द्यावी लागेल," ती म्हणाली. "आता नजरेवर भागायचं नाही. उभे राहा."

गिऱ्हाइकं उभी राहतात तसे मास्तर आरशासमोर उभे राहिले. तीस वर्षांत त्यांच्या स्वतःच्या अंगाला टेप लागली नव्हती. लेकीने डावी बाजू मोजली, मग उजव्या खांद्यावर टेप ठेवली आणि थांबली.

"खांदा सोडा, बाबा."

"सोडलाय."

"कुठे सोडलाय? वर उचलून धरलाय."

मास्तरांनी आरशात बघितलं. खरंच, दोन्ही खांदे अगदी सारखे दिसत होते, आणि उजवा दुखत होता. लेकीसमोर तो खाली येऊ द्यायला त्यांना कोण लाज वाटत होती! मग त्यांनी श्वास सोडला, आणि खांदाही. तो खाली आला, अर्ध्या इंचाहून थोडा जास्तच.

लेकीने आकडा मोठ्याने वाचला. सवयीने मास्तरांचा हात पेन्सिलीकडे गेला. तो त्यांनी मागे घेतला, आणि ती लिहून पुरं करेपर्यंत उतरल्या खांद्याने तसेच उभे राहिले.