संगत कुणाची कुणाला

मधुमती सिंगापूरच्या विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायची. माणसं नियम का मोडतात, हा तिचा हातखंडा विषय. कुणी म्हणतं, समाज मोठमोठी स्वप्नं दाखवतो आणि तिथवर पोचायची वाट मात्र देत नाही, म्हणून माणूस आडवाटेला लागतो. कुणी म्हणतं, वाईट वागणंही सायकलसारखं जवळच्या माणसांकडूनच शिकलं जातं. आणि कुणाच्या मते, एकदा कपाळावर शिक्का बसला की माणूस त्या शिक्क्याला जागत जातो. हे सगळं ती इतकं रंगवून सांगायची की मुलं फोन बाजूला ठेवून ऐकायची.

पण शनिवारी दुपारी बॅडमिंटन क्लबच्या कोचचा फोन आला, तेव्हा तिला यातलं काहीच सुचलं नाही. तिची पंधरा वर्षांची इरा आणि इराची डबल्समधली जोडीदार ह्वी लिन, दोघी चेंजिंग रूममध्ये व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढताना सापडल्या होत्या. सिंगापुरात व्हेपला बंदी आहे, हे शाळकरी पोरंही जाणतात.

"इरा चांगल्या घरची मुलगी आहे," कोच म्हणाले. "ह्वी लिनला मागे सिगारेटवरून ताकीद दिली होती. व्हेप तिचाच असणार. सोमवारी कमिटी बसेल. इराला आम्ही समज देऊन सोडू."

ह्वी लिन हौगांगच्या सरकारी वसाहतीत आजीजवळ राहायची. आजीचा तिथल्या मार्केटमध्ये भाजीचा गाळा होता. इराचं घर बुकित तिमाहच्या श्रीमंत वस्तीतल्या कॉन्डोत, आणि तिचे बाबा प्रबोध बँकेत आयटी मॅनेजर.

"मी केव्हाचा सांगतोय, त्या पोरीची संगत नको म्हणून," प्रबोध म्हणाला. मधुमतीच्याही मनात नेमकं तेच आलं होतं.

संध्याकाळी ती फरसबी चिरत होती. इरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, व्हेप माझा होता."

मधुमतीचा हात थांबला.

"माझ्या वर्गातल्या मुलीकडून घेतला मी. ह्वी लिन नको म्हणत होती. मीच म्हटलं, ट्राय कर ना, काही होत नाही."

"मग कोचना का नाही सांगितलंस?"

"त्यांनी विचारलंच नाही. आले ते सरळ तिलाच बोलायला लागले. मी घाबरले. आणि ती नंतर म्हणाली, जाऊ दे, माझं कोण खरं मानणार आहे?"

प्रबोध दिवाणखान्यातून ऐकत होता. तो आत आला. "हे बघ, ते सोडतायत ना तुला? मग आपण होऊन कशाला ओढवून घ्यायचं? आपण इथे नोकरीच्या पासवर राहतो, इरा. शाळेत कळलं तर?"

"बाबा, तिला क्लबमधून काढतील."

"तिला आधी ताकीद मिळालेली आहे."

"म्हणूनच तर काढतील."

मधुमतीनं सुरी खाली ठेवली. शिक्क्याबद्दल ती वर्गात तासन् तास बोलायची, आणि इथे तिच्या मुलीनं ते एका वाक्यात सांगितलं होतं. "खरं सांगितलंस तर शिक्षा होईल," ती म्हणाली. "ती टळावी म्हणून मी शब्द टाकणार नाही. पण तुझ्याशेजारी बसेन."

सोमवारी कमिटीपुढे ह्वी लिन आजीला बिलगून बसली होती. आजीला इंग्रजी येत नव्हतं. ती बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. इरा उठून उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं.

"तू मैत्रिणीला पाठीशी घालतेयस का?" कोचनी विचारलं.

"सर, व्हेप तिचा आहे, हे तुम्ही कुणी न सांगताच मानलंत. माझा आहे, हे मी स्वतः सांगतेय, तर ते का मानत नाही?"

कोचनी नजर खाली वळवली. मधुमतीला लेकीची लाज वाटायला हवी होती, तशी थोडी वाटतही होती. पण त्या लाजेला पुरून उरेल असा अभिमान तिच्या छातीत दाटून आला.

व्हेपचं प्रकरण नियमाप्रमाणे पुढे कळवलं गेलं. दोघींना समुपदेशनाला जावं लागलं. क्लबनं ह्वी लिनला खेळू दिलं, इराला मात्र हंगामभर बाहेर बसवलं. कोचनी ह्वी लिनची माफी मागितली, आणि तिनं आजीला ते चिनीत समजावून सांगितलं. मग एका रात्री जेवताना प्रबोधनं इराला विचारलं, "त्या मुलीला आपल्याकडचं जेवण चालेल का गं? बोलाव एकदा."

स्पर्धेच्या दिवशी ह्वी लिन नव्या जोडीदारासोबत कोर्टवर उतरली. इरा प्रेक्षकांत आईशेजारी बसली होती. ह्वी लिनच्या एकेका स्मॅशला ओरडून ओरडून तिचा घसा बसायची वेळ येत होती.

मागच्या रांगेतल्या बाईंनी मधुमतीला विचारलं, "यात तुमची मुलगी कोणती?"

"कोर्टवर नाहीये ती," मधुमती ताठ बसून म्हणाली. "ही इथे ओरडतेय ना, ती माझी."