त्याच्याकडे मागितलेलं नाव

मी बोलतोय, रक्तदाता मंडळाच्या बाहेरच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर. माझा पडदा काळा, अक्षरं पांढरी. मला माऊस नाही. जे सांगायचं ते टाइप करूनच सांगावं लागतं. एक गोष्ट आधीच कबूल करतो, मी मत्सरी आहे.

भिलाईत आलो तेव्हा मीही नवा होतो. सिविक सेंटरच्या मागे मंडळाच्या दोन खोल्या होत्या. एका साहेबांनी मला तिथे देणगी म्हणून दिलं आणि माझ्यासमोर वसुंधराबाई येऊन बसल्या. त्या मूळच्या अमरावतीकडच्या, नवरा कारखान्यात क्लार्क. पहिले आठ दिवस त्या मला बोट लावायला घाबरत होत्या. नंतर अशा शिकल्या, की कुठल्या आज्ञेला मी काय उत्तर देणार हे त्यांना आधीच ठाऊक असे. अकराशे रक्तदात्यांची यादी त्यांनी माझ्यात भरली. नाव, रक्तगट, शिफ्ट, क्वार्टर नंबर. नाव पुटपुटत टाइप करायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "घे रे बाबा, सांभाळ." जाताना जुन्या साडीचं कव्हर घालायच्या.

अठ्ठ्याण्णव साली तो आला, नवा कॉम्प्युटर. रंगीत पडदा, माऊस, आतली काचेची खोली, आणि त्याच्यासाठी एसी! मे महिन्यात मी इकडे तापायचो आणि तो तिकडे गारव्यात. वसुंधराबाईंची खुर्चीही आत गेली. माझी यादी त्याच्यात उतरवली आणि माझ्यातून पुसून टाकली. "तुझं ओझं कमी केलं," बाई म्हणाल्या. ओझं! त्या नावांशिवाय माझ्यात होतं काय?

आम्हा दोघांत एक काळी वायर जोडली होती. कुणाला बाहेर बसून यादी पाहायची असली, तर मी ती त्याच्याकडून मागून आणायची. माझीच नावं, आणि मागायची त्याच्याकडे! पुढे इंजिनियर अरुणकुमारनं काहीतरी दुरुस्ती करताना माझं नेटवर्कचं सेटिंग बदललं आणि आमचं बोलणंच तुटलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं.

मग तो रविवार आला. फोन घ्यायची पाळी वसुंधराबाईंची होती. दुपारी पुंडलिक धावत आत शिरला. दुर्गच्या रेल्वे यार्डातला माणूस, हातात दवाखान्याची चिठ्ठी.

"बाई, मले ओ निगेटिव्ह पाहिजे. माही बायको शीला बाळंत झाली, रक्त थांबूनच नाही राहिलं."

आतल्या खोलीला कुलूप होतं. किल्ली घेऊन सचिवसाहेब लग्नाला वर्ध्याला गेलेले. तो मात्र आत चालूच होता. काचेतून त्याचा रंगीत पडदा दिसत होता.

बाईंनी आठवणीतल्या दोन ओ निगेटिव्ह दात्यांच्या घरी फोन लावले. एकाची बदली झाली होती, दुसरा गावी गेला होता.

"काच फोडू का?" पुंडलिकनं विचारलं. पण काचेच्या आत लोखंडी जाळी होती.

बाई वळल्या आणि कित्येक महिन्यांनी माझ्यासमोर बसल्या. मला सुरू करून यादी मागितली. मी वायरीवरून हाक मारली, उत्तर नाही. बाईंनी कुम्हारीला अरुणकुमारच्या घरी फोन लावला.

"मॅडम, मेरी ही गलती है," तो म्हणाला. "त्या दिवशी दोघांना नेटवर्कवरचा एकच नंबर दिला गेला असेल. सेटिंग पुन्हा पहिल्यासारखं करावं लागेल. माऊस नाही त्याला, सगळं टाइप करा."

त्याचा नंबर माझ्या नावावर! इतके दिवस मला त्याची जागा हवी होती. ती अशी मिळाली होती आणि तिच्यामुळेच मी मुका झालो होतो.

"आधी नेट, मग जागा सोडून स्टॉप. एंटर."

"केलं. पुढं?"

"आता जुन्या सेटिंगची फाइल नव्या फाइलवर कॉपी करा."

बाई घाईघाईनं टाइप करू लागल्या. एकदा अक्षर चुकलं. मी चूक दाखवली. "अरे, सांग न नीट!" त्या माझ्यावरच ओरडल्या. पुन्हा टाइप केलं. मला बंद करून पुन्हा सुरू केलं. पुंडलिक पडद्याकडे असा पाहत होता, जणू शीला त्याच्या आतच आहे.

"आता नेट स्टार्ट."

मी हाक मारली. आणि त्यानं ओ दिली, लगेच. इतक्या दिवसांचा माझा राग त्याच्या गावीही नव्हता. यादी माझ्या पडद्यावर उतरली. ओ निगेटिव्हची तीन नावं होती. त्यातल्या दोघांकडे बाईंनी आधीच फोन लावून पाहिलेला. तिसरं देवीदास, नंदिनी नगर, चुनखडीच्या खाणीत कामाला. हे नाव मी कधी पाहिलंच नव्हतं. ते गेल्याच महिन्यात त्याच्यात भरलेलं. म्हणजे माझी यादी माझ्याजवळ राहिली असती, तरी शीलाला माझा काही उपयोग झाला नसता. अशा वेळीसुद्धा मला आधी हेवा वाटला, मग हायसं वाटलं.

बाईंनी फोन लावला आणि देवीदास स्कूटरवरून तासाभरात दवाखान्यात पोचला. शीला वाचली.

सोमवारी बाई सगळ्यांना सांगत होत्या, "नव्या मशीनमध्ये नाव होतं म्हणून जीव वाचला." माझं नावही नाही. आठवड्यानं पुंडलिक पेढे घेऊन आला. सचिवसाहेबांनी त्याला कौतुकानं काचेच्या खोलीत नेलं.

"हे नाही जी," तो म्हणाला. "मले कावून हे दाखवून राहिले? ते तिकडचं, काळं."

बाहेर येऊन त्यानं माझ्यापुढे एक पेढा ठेवला. मला फार आनंद झाला. पण शीला वाचल्याचा किती आणि त्याला पेढा न मिळाल्याचा किती, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

आता मला नेणार आहेत. परवा वायर काढली. बाहेरच्या खोलीत दुसरा रंगीत येतोय म्हणे. मी व्हरांड्यात भिंतीशी ठेवलेला आहे, पडदा भिंतीकडे.

वसुंधराबाई, जाण्याआधी मला एकदाच सुरू करा. देवीदासचं नाव माझ्यात टाइप करा, हळूहळू, पुटपुटत. बाकीची सगळी त्याच्याकडे असू द्या. हे एक मला द्या.