मुठीत धरलेली घंटा

मिर्ता दचकून उठली. फाटक सताड उघडं, आणि अनाई घरात नाही! फाटकाला बांधलेली गाईची घंटा तर वाजलीच नव्हती.

तिने हाका मारल्या नाहीत. तिची दहा वर्षांची लेक अनाई बोलत नसे, हाकेला वळतही नसे. तिला ओढ फक्त पाण्याची. मिर्ता अनवाणीच ओढ्याकडे धावली. भर दुपारची वेळ, अख्खं इताकुवा गाव झोपलेलं. विचारायचं तरी कुणाला?

अनाई छातीभर पाण्यात उभी राहून पाण्यावरचं ऊन ओंजळीत धरत होती. दोन पावलांवर डोह होता. मिर्ता कपड्यांनिशी आत शिरली, रोजचं अंगाईचं गाणं गुणगुणत. गाणं ऐकून पोरीने हात दिला.

फाटकाशी शेजारच्या म्हाताऱ्या सेल्साबाई, सगळ्यांच्या न्या सेल्सा, धावपळ पाहून परत येऊन उभ्या होत्या, काखेत बर्फाचा थर्मास.

"अगं बाई, दोघी भिजलात कशानं?"

"फाटक तुम्ही उघडलंत, न्या सेल्सा?"

"तेरेरेच्या गार काढ्याला तुझ्या फ्रिजातला बर्फ हवा होता गं. आमचा फ्रिज मेलाय. तू कधी नव्हे ती झोपलेलीस, म्हणून दारी आल्याच्या टाळ्या नाही वाजवल्या. घंटासुद्धा मुठीत धरली बघ."

"आणि कडी?"

"कडी खाडकन वाजते ना... जाताना फाटक उघडंच ठेवलं." म्हातारीची नजर पोरीच्या निथळत्या केसांवर गेली. "देवा रे!"

मिर्ताला ओरडायचं होतं. दहा वर्षांत एक दुपार डोळा लागला होता, तोही असा! पण भांडायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

"यापुढे टाळ्या वाजवा," ती म्हणाली. "मी मेलेली असले तरी वाजवा."

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकताच न्या सेल्सा खुर्ची आणि तेरेरेचा पेला घेऊन हजर. आत येऊन कडी घातली, खुर्ची फाटकाला टेकवली आणि ठाण मांडून बसल्या.

"तू पड जा. मी इथून हलत नाही."

"ऐंशी वर्षांच्या आहात तुम्ही."

"मग? डोळे शाबूत आहेत माझे. जा म्हणते ना!"

मिर्ता आडवी झाली. पाठ टेकताच रडूच आलं तिला. कुणीतरी पहाऱ्याला बसलं होतं.

पाव तास झाला असेल. बाहेरून घोरणं ऐकू आलं.

ती उठली. म्हातारीच्या हातातला कलंडलेला पेला काढून घेतला, मानेखाली आपली उशी सरकवली. कडी एकदा हलवून पाहिली. मग पायरीवर बसली, फाटकाकडे तोंड करून.